कढीपत्त्याच्या कुंडीतली टरफलं

शैले,

तुझं तेरावं झालं त्याच संध्याकाळी तुझ्या बॅडमिंटनच्या हॉलवर शोकसभा झाली. त्याला आज आठवडा झाला. आत शिरताना माझी नजर आधी तुझ्या हार घातलेल्या फोटोवर जायला हवी होती. ती गेली शेजारच्या फळ्यावर. तुझ्याच अक्षरात, निळ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं : 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत. कॅन्टीनमध्ये मिसळ, तळलेले पदार्थ, शीतपेये व अंडी मिळणार नाहीत. – मालक.' फोटो नंतर पाहिला. रागावू नकोस. तीस वर्षं मी विमा कंपनीत दावे तपासले. जळालेल्या दुकानात शिरलं की मालकाच्या डोळ्यांतल्या पाण्याआधी मीटरची वायर बघायची, ही सवय आता जायची नाही.

फोटोही मला जरा संशयास्पदच वाटला. तू त्यात हसते आहेस, आणि कॅमेऱ्यासमोर तू हसल्याचं मला तरी आठवत नाही. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा उजव्या कडेला जांभळ्या काठाची अर्धी बाही दिसली. ती माझी आहे. माझ्या लेकीच्या लग्नातला आपला दोघींचा फोटो अनिकेतनं, तुझ्या भाच्यानं, कापून घेतलाय. त्याच लग्नात तू अक्षता टाकून, आशीर्वाद देऊन, न जेवता गेली होतीस. 'आज माझा उपवास आहे,' म्हणालीस. बुधवार होता.

मग भाषणं झाली. रविवारची मिसळ तू बंद केलीस तेव्हा ज्यांनी तुझ्याविरुद्ध सह्या गोळा केल्या होत्या, त्यांनीच 'शैलाताईंची शिस्त' या विषयावर भरभरून बोलून घेतलं. त्या कागदावर पहिली सही कुणाची होती ते मला अजून आठवतंय. तीच बाई सगळ्यात जास्त रडली. गेलेल्या माणसाच्या फोटोसमोर असल्या गोष्टी उकरू नयेत म्हणून मी गप्प बसले. नंतर अनिकेतनं चहा आणि कचोरी फिरवली. तुझ्या फळ्याखाली उभं राहून शंभरेक माणसांनी तळलेली, बाहेरून आणलेली कचोरी खाल्ली. मीही खाल्ली. बरी होती.

तुझं-माझं भांडण मात्र तिथंच आहे. ते अर्धवट टाकून तू गेलीस, आणि उरलेलं अर्धं मला एकटीला भांडता येईना म्हणून हे लिहितेय.

नांदगावपासून सुरुवात करते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आपण दोघी दुहेरीत खेळायचो. तू पंचवटीतल्या उपाध्यायांच्या घरातली, वडील रामकुंडावर यजमानांचे विधी करायचे. मी पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षवाल्यांची, आमच्याकडे रविवारी वशाट शिजलं नाही तर आजोबा विचारायचे, घरात कुणी आजारी आहे का. नांदगावच्या स्पर्धेला आपण एसटीनं गेलो. तुझ्या डब्यात दशम्या आणि लिंबाचं लोणचं. माझ्या डब्यात भाकरी, ठेचा आणि आईनं उकडून दिलेली सहा अंडी, सोबत कागदाच्या पुडीत तिखट-मीठ.

उपांत्य सामना तीन गेमपर्यंत गेला. शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये उकाडा मी म्हणत होता. सामना संपला आणि तू भिंतीला टेकून खाली बसलीस, ओठ पांढरेफटक. दशमी पुढं केली तर नको म्हणालीस, मळमळतंय. अंतिम सामन्याला तासभर होता. मी माझा डबा उघडला. तू बराच वेळ त्या अंड्यांकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "सोलून दे. मला सोलता येत नाही."

मी सोलून दिलं. पहिलं तू डोळे मिटून खाल्लंस. दुसरं उघड्या डोळ्यांनी खाल्लंस आणि वर मीठ मागितलंस. अंतिम सामना आपण हरलो, पण शेवटच्या गुणापर्यंत तू पायांवर उभी होतीस. परतीच्या एसटीत मनमाड येईपर्यंत तू बडीशेप चघळत होतीस. मग माझा हात धरून म्हणालीस, "कुंदे, हे कुणाला सांगायचं नाही. शपथ घे." मी आईची शपथ घेतली आणि पाळली. नवऱ्याला सांगितलं नाही, लेकीला सांगितलं नाही. आज मी ती मोडतेय, पण त्याचं कारण तूच आहेस. ते पुढं येईल.

पुढं मी विम्यात लागले. तू शाळेत खेळ शिकवायला लागलीस, लग्न केलं नाहीस, आणि वडिलांनी तुझ्या नावावर केलेली गंगापूर रोडच्या आतली जागा बिल्डरला न देता तिथं बॅडमिंटनचा हॉल बांधलास. तीन कोर्टं, लाकडी जमीन, कोपऱ्यात कॅन्टीन, वरच्या दोन खोल्यांत तू आणि तुझी आई. कॅन्टीन तू सटाण्याकडच्या लताबाईंना चालवायला दिलंस. त्यांच्या आमलेट-पावासाठी शेजारच्या गल्लीतले लोक उगाच हॉलमध्ये डोकवायचे. मग एक दिवस फळा लागला आणि आमलेट गेलं.

मिसळ बंद केलीस त्याला माझी हरकत नव्हती. रविवारी खेळून झालं की लोक मिसळ मागवायचे आणि कोर्टाच्या कडेलाच पंगत बसायची. तर्रीचा थेंब लाकडावर पडला की पुढच्याचा गुडघा गेलाच समजायचा. एकाचा गेलाही. नाशिकमध्ये राहून लोकांच्या तोंडची मिसळ काढायला छाती लागते, ती तुला होती. वडे गेले, शीतपेयं गेली, तेव्हाही मी तुझ्या बाजूनं बोलले. पण जिथं पोरं घाम गाळतात तिथं उकडलेलं अंडं का नको, असं मी तुला विचारलं आणि तिथून आपली जुंपली.

तू म्हणालीस, "आईला वास सहन होत नाही." ठीक. नव्वदीच्या बाई, त्यांची खिडकी कॅन्टीनवर. दोन वर्षांनी आई गेल्या, फळा राहिला. मग म्हणालीस, "तवा नीट धुतला जात नाही." मी म्हटलं, उकडायला तवा कशाला लागतो? मग म्हणालीस, "उन्हाळ्यात खराब होतात." मी म्हटलं, केळीही होतात, ती ठेवतेसच. मग तू आरोग्य काढलंस. ते ऐकून लताबाईसुद्धा पदरात तोंड लपवून हसल्या. माझ्या नोकरीतला साधा अनुभव आहे. आग एका कारणानं लागते. समोरचा चार कारणं सांगायला लागला की पाचवं शोधायचं.

"हॉल माझा आहे, कुंदे," तू शेवटी म्हणालीस. "माझ्या छपराखाली काय शिजेल ते मी ठरवणार."

"छप्पर तुझं, पोटं त्यांची," मी म्हटलं. "तेलकट नको म्हण, कोर्टाजवळ नको म्हण, मी तुझ्यासोबत उभी राहते. पण जे निम्म्या घरांत रोज शिजतं त्याला तू इथं मज्जाव केलास, की त्या घरच्या पोराला काय कळतं, सांग."

"काय कळतं?"

"की आपल्या घरचं इथं चालत नाही. म्हणजे आपणही जरा कमीच चालतो."

तू रॅकेटची ग्रिप गुंडाळायला घेतलीस. तुला काही लागलं की तू ग्रिप उलगडून पुन्हा गुंडाळायचीस, कालच नवी लावलेली असली तरी.

तुझी बाजू मी ऐकली नाही असं नाही. आमलेट होत होतं तेव्हा दोन घरांनी मुलं काढून घेतली होती, आणखी चार घरं काढायच्या बेतात होती. "हॉलच बंद पडला तर तुझं अंडं कुठं बसून खातील?" तू म्हणालीस. यात तथ्य होतं. मालकाला हॉल चालवावा लागतो, मला नुसतं येऊन बोलावं लागतं. पण माझं समाधान होत नव्हतं, कारण मला जे विचारायचं होतं ते अंड्याबद्दल नव्हतंच.

ते आज विचारते. शैले, माझ्या घरी तू चाळीस वर्षं आलीस. चहा प्यायलीस, चिवडा खाल्लास, द्राक्षं तर खोक्यानं नेलीस. ताटावर मात्र कधी बसली नाहीस. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, आणि वर तो लग्नातला बुधवार. तुझ्या उपवासांना पंचांग अपुरं पडलं असतं. आधी मी हसण्यावारी नेलं. मग फळा लागला आणि मागचं सगळं मला एका रांगेत दिसायला लागलं. वाटलं, पाणी मुरतंय ते इथं. आई नाही, तवा नाही, आरोग्य नाही. हिला आमची ताटं विटाळतात. नांदगावला जिवावर बेतलं म्हणून हिनं माझ्या आईच्या हातचं खाल्लं आणि त्याचं प्रायश्चित्त ही आयुष्यभर घेतेय. हा संशय मी कुणाला न सांगता दहा वर्षं बाळगला, आणि तरी दर गुरुवारी तुझ्या ऑफिसात बसून तुझ्या हातचा चहा प्यायले. ते सोपं नव्हतं, पण तू चहा चांगला करायचीस.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. हॉलच्या मागं तू कुंड्या ठेवल्या आहेस. मी चार पानं कढीपत्ता तोडायला गेले आणि मातीवर टरफलं दिसली. अंड्याची. चुरून टाकलेली, पण पुरती चुरली नव्हती. मी उकिडवी बसले, चष्मा पुसला, एकेक उचलून पाहिलं. टरफलांना पांढऱ्याचे जाड जाड तुकडे चिकटलेले, एकाला तर बलकही. सोलता येणाऱ्याच्या हातून असं होत नाही. ज्याला अंडं सोलता येत नाही आणि तरी जो सोलत बसतो, असं या गावात एकच माणूस मला माहीत होतं.

पुरावा हाती लागला की माणूस किती खूश होतो, हे माझ्या धंद्यातल्यांनाच कळेल. आधी लताबाईंना गाठलं. "लताबाई, कुंडीत टरफलं कसली?"

"मले काय माहीत ताई," त्या म्हणाल्या आणि गूळ फोडायला लागल्या. "कावळा टाकी गया व्हई."

एरवी माझ्याशी नाशिकचं बोलणारी ही बाई घाबरली की अहिराणीत शिरते. ते माझ्या ध्यानात आलं, पण त्या कुणासाठी घाबरल्या होत्या याचा मी विचार केला नाही. सरळ तुझ्या ऑफिसात आले आणि एक टरफल टेबलावर ठेवलं.

"खाई त्याला खवखवे," मी म्हटलं. "बाहेर फळा आणि आत मेजवानी. कोण खातं गं ही अंडी?"

तू टरफलाकडे पाहिलंस. मग दाराकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "मीच खाते."

मी भांडणाची जय्यत तयारी करून आले होते आणि तू पहिल्याच वाक्यात कबुली दिलीस. कबुली इतकी पटकन मिळाली की तपासणाऱ्यानं थांबायचं असतं, आणखी काय झाकलंय ते बघायचं असतं. ऑफिसातल्या नव्या लोकांना हे मीच शिकवायचे. त्या दिवशी माझं मीच विसरले. "ढोंगी आहेस तू," मी म्हटलं. "पोरांच्या तोंडचं काढतेस आणि दार लावून स्वतः खातेस. आणि माझ्या घरी आलीस की उपवास." तू ग्रिप उलगडायला घेतलीस. मी कढीपत्ता तिथंच टेबलावर टाकून निघून आले.

गुरुवार बंद झाले. सणावाराला फोनवर बोललो, तब्येती विचारल्या, थंडी किती पडलीय ते एकमेकींना सांगितलं. तू काहीतरी समजावून सांगशील म्हणून मी वाट बघत होते. तू कशाची वाट बघत होतीस, मला माहीत नाही.

मग तुला दवाखान्यात ठेवल्याचा अनिकेतचा फोन आला. मी आले तेव्हा तुझ्या तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांवर फिरवायला लागलीस, काहीतरी सोलल्यासारखी. पुन्हा पुन्हा. मी पिशवीतलं मोसंबं काढलं, सोललं आणि एक फोड तुझ्यापुढं धरली. मास्क लावलेल्या माणसापुढं. तू मान हलवलीस आणि डोळे मिटलेस. नर्सनं मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. समोरासमोर बसून तुझ्याशी मी शेवटचं काय बोलले, तर 'ढोंगी आहेस तू.' मी माफी मागितली नाही. ते मोसंबं मी रिक्षात बसून एकटीनं खाल्लं.

तर शोकसभा संपल्यावर, कचोरीच्या प्लेटा गोळा करून झाल्यावर, लताबाईंनी मला मागं कुंड्यांपाशी बोलावलं. कढीपत्ता सुकायला आला होता.

"कुंदाताई, एक सांगायचं व्हतं. ताईंनी शपथ घातली व्हती. पण आता त्या नाहीत, आणि उद्यापासून पोरी पुन्हा येतील. मी एकटी काय करू?"

"कुठल्या पोरी?"

"सहाच्या बॅचच्या. सुरगाण्याकडच्या."

त्या पोरी मला माहीत होत्या. जवळच्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहणाऱ्या सात जणी, ज्यांना तू फुकट शिकवायचीस. त्यांचा नाश्ता आठला असतो आणि त्या उपाशीपोटी येतात, हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षांपूर्वी त्यातली एक कोर्टावरच चक्कर येऊन पडली, हे माहीत नव्हतं. लताबाईंनी सांगितलं, की आधी तू चणे दिलेस, केळी दिलीस. मग एक दिवस म्हणालीस, लता, उद्या येताना अंडी आण, वरून झाकायला गूळ ठेव. त्या दिवसापासून रोज खेळून झालं की ऑफिसातल्या चहाच्या किटलीत तू अंडी उकडायचीस, दार लावायचीस आणि स्वतः सोलून एकेकीच्या हातात द्यायचीस.

"मी म्हणायचे, ताई, द्या मी सोलते. तर म्हणायच्या, नको, तू दारात उभी राहा, कुणी आलं तर खोक."

"आणि फुटायची ती?" मी विचारलं. मला सगळं तपासायची खोड आहे.

"फुटकी-तुटकी पोरींना कशाला द्यायची, म्हणून त्या स्वतः खायच्या. रोज दोन-तीन फुटायचीच. त्यांना कुठं येत व्हतं सोलायला."

म्हणजे 'मीच खाते' हेही तू पूर्ण खोटं बोलली नव्हतीस. मी विचारलं, "मला का सांगितलं नाही त्यांनी?"

लताबाईंनी कढीपत्त्याचं एक सुकलेलं पान खुडलं. "त्या म्हणायच्या, कुंदाला कळलं की ती दार उघडणार. सभेत उभी राहून बोलणार. ती बरोबरच बोलंल. पण मग लोकं अंड्याकडं नाय बघणार, पोरींकडं बघतील. आपल्यामुळं तमाशा झाला म्हणून पोरी यायच्याच बंद होतील."

खरं सांगू? मी विश्वास ठेवला नाही. माणूस गेला की त्याच्या मागं पुण्याच्या गोष्टी उगवतात, हे मी पाहिलंय. लताबाईंना आता अनिकेतकडे कॅन्टीन टिकवायचंय, मला आपल्या बाजूनं वळवायला त्या काहीही रचू शकतात, असंही माझ्या मनात आलं. म्हणून उलटतपासणी घेतली. "बाहेर तो फळा दिसत असताना पोरी खायला तयार कशा झाल्या?"

"पहिल्या दिवशी एक पोर घाबरलीच ना. म्हणाली, बाई, फळ्यावर नको लिहिलंय. तर ताई म्हणाल्या, खा गं. नांदगावला मी दोन अंड्यांवर फायनल खेळले. माझ्या मैत्रिणीनं सोलून दिली होती."

शैले, मी कुंडीच्या काठावर बसले. नांदगावचं फक्त दोन माणसांना माहीत होतं. त्यातलं एक मी, आणि मी कुणाला बोलले नव्हते. त्यामुळं लताबाईंची साक्ष खरी धरण्यावाचून मला इलाज उरला नाही. मला आईची शपथ घालून तू ते गुपित सात पोरींना आणि लताबाईंना अंड्याबरोबर रोज वाटत होतीस. मला रडू आलं आणि तितकाच रागही आला. नेमका कशाचा, ते तुला सांगते. तू माझ्या तोंडून 'ढोंगी' ऐकून घेतलंस आणि गप्प बसलीस. लताबाईंवर तुझा भरवसा होता, माझ्यावर नव्हता. चाळीस वर्षं मी तोंड उघडलं नव्हतं, हे तुला दिसत नव्हतं का? मी तुझ्यावर संशय घेतला तो नोकरीनं लावलेल्या सवयीनं. तू माझ्यावर घेतलास तो मला पुरती ओळखून, आणि तो जास्त लागतो.

उपवासांचं मला अजून कळलेलं नाही. रोज दोन-तीन फुटकी अंडी खाणारी बाई माझ्या घरच्या वरण-भातालाही का बसत नव्हती? कदाचित एकदा बसलीस तर वर जाऊन आईला सांगावं लागेल म्हणून. कदाचित आई गेल्यावर सवय मोडली नसेल. कदाचित माझा पहिला संशय थोडासा खराही असेल आणि तूच त्याच्याशी रोज सकाळी दार लावून भांडत असशील. आणि दवाखान्यातली तुझी बोटं? पोरींना आता सोलून कोण देणार, असं तू मला विचारत होतीस असं मानायला मला फार आवडेल. पण पुरावा नाही. तुला मोसंबंही हवं असेल.

फळ्याबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. दार लावून खाऊ घातलेलं अंडं पोरींच्या अंगाला लागतं, पण त्याबरोबर आपलं खाणं लपवायचं असतं हेही त्या शिकतात. शोकसभेच्या दिवशी अनिकेतनं निघताना विचारलं होतं, "मावशी, आत्याचा तो फळा ठेवू की काढू? तुम्ही सांगाल तसं." मी म्हटलं, उद्या सांगते. घरी आल्यावर पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले तेव्हा पोरी स्वतःच खेळत होत्या. तुझी शिट्टी नव्हती, तरी पायांचे व्यायाम त्यांनी चुकवले नव्हते. सात वाजता लताबाई पिशवी घेऊन आल्या, वर गूळ. मी किटली लावली. तिच्या तळाला तीन वर्षांचा पांढरा थर बसलाय, तो पाहून माझी उरलीसुरली शंका फिटली. पोरी ऑफिसात ओळीनं बसल्या. मी सोलून एकेकीला दिलं.

त्यातली एक अंडं फिरवून फिरवून बघायला लागली.

"काय गं, खराब आहे का?"

"नाय. बाईंची अशी नसायची," ती म्हणाली. "त्यांची खड्ड्या-खड्ड्यांची असायची."

बाकीच्या हसल्या, मग तुझ्या आठवणीनं माना खाली घालून खायला लागल्या. मीही तोंड फिरवलं. तेवढ्यात दाराजवळच्या पोरीनं सवयीनं हात लांब करून दार लावून घेतलं. मी ठरवून आले होते, आजपासून हे दार उघडं राहील. उठले, दाराच्या मुठीला हात घातला. मागं सात तोंडं चावायची थांबली. मला ते ऐकू आलं. दहा वर्षांत तुझ्याशी एवढे वाद घातले, एकदाही त्या फळ्यापायी कुणाची तोंडं थांबतात ते मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मी मूठ तशीच सोडली आणि जागेवर येऊन बसले.

आज सातवा दिवस. टरफलं मी कढीपत्त्याला घालते, त्याला नवी पालवी आलीय. आता त्यांना पांढरं चिकटलेलं नसतं. माझ्यासारखी कुणी तपासायला बसली तर हात बदललाय हे तिला पहिल्या टरफलातच कळेल. स्क्रूड्रायव्हर अजून पर्समध्ये आहे आणि फळा मी काढणारच आहे. पुढच्या महिन्यात पोरींची स्पर्धा आहे, ती होऊ दे. मग सभा बोलावीन आणि अंडं माझ्या नावावर मागीन, पोरींच्या नाही. ही वाट तुला सुचली नाही आणि मलाही दहा वर्षं सुचली नाही.

आज सकाळी लताबाई दाराबाहेर जोरात खोकल्या. पोरींचे हात टेबलाखाली गेले. दार ढकलून त्या आत आल्या, सह्यांच्या कागदावर पहिली सही करणाऱ्या आणि शोकसभेत सगळ्यात जास्त रडलेल्या बाई. किटलीकडे पाहिलं, पोरींकडे पाहिलं, नाक वर केलं.

"अंड्याचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "शैलाताई जाऊन महिनाही झाला नाही आणि इथं हे सुरू? कोण खातंय?"

बशीत एक उरलं होतं. मी ते उचललं, त्याला मीठ लावलं आणि त्यांच्या डोळ्यांकडे बघत म्हटलं, "मीच खाते."